शरणपूरचे विद्यार्थी, मोंबासाचे शिक्षक

१. नाशिकचा शरणपूर रोड अनेकांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा. परदेशात जाऊन इंग्रजी शिकवणे ही आज तरुणांना नवी वाट वाटते. पण सुमारे दीडशे वर्षांपूर्वी याच शरणपुरात शिकलेली माणसे समुद्रापार शिक्षक म्हणून गेली. इंग्रजी त्यांची मातृभाषा नव्हती आणि मराठीही नव्हती. ती माणसे आफ्रिकन होती. त्यांची ही कहाणी.

२. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांनी भरलेली गलबते अरबस्तानाकडे जात. ब्रिटिश आरमार त्यांतली काही पकडी आणि सुटलेल्यांपैकी अनेकांना मुंबईत उतरवी. त्यांत लहान मुले पुष्कळ असत. ती मुक्त झाली खरी. पण घरी पोहोचवावे, तर घर कुठे हेच कुणाला ठाऊक नसे.

३. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. पुढे या मुलांसाठी तिथे आश्रयगृह आणि शाळा चालू झाली. इंग्रजी वाचन-लेखन, धर्मशिक्षण आणि सुतारकी-लोहारकीसारखे हातचे काम असा तिथला क्रम होता. आईबापांनी ठेवलेली नावे मागे पडली; जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन अशी नवी नावे आली. इंग्रजीत या मुलांना ‘नासिक बॉइज’ म्हणू लागले.

४. मोंबासाजवळ रबाई येथे योहान रेबमान हा जर्मन मिशनरी काम करीत होता. किलिमांजारोवरचे बर्फ पाहून युरोपला कळवणारा तो हाच. त्याला साहाय्यक हवे होते. १८६४ मध्ये विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे दोघे मुक्त आफ्रिकन भारतातून त्याच्याकडे गेले.

५. अडचण भाषेची होती. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी मुले पकडली ती बहुधा किनाऱ्यापासून दूर, आतल्या मुलखातून. त्यामुळे मोंबासाची स्वाहिली ही अनेकांची घरची भाषा नव्हतीच. आणि जी घरची होती, ती हिंदुस्थानात वाढताना सुटत गेली होती. दिसायला स्थानिक, बोलायला परके, अशी त्यांची अवस्था. इतरांना शिकवण्यासाठी त्यांना आधी स्वतःच पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

६. याच सुमारास नाशिकचे नाव आणखी एका मार्गाने आफ्रिकेत पोहोचले. १८६६ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन आपल्या अखेरच्या सफरीवर नाशिकच्या शाळेतले नऊ तरुण घेऊन निघाला. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे १८७२ मध्ये पाठवलेल्या मदत-तुकडीतून त्याला मिळाले.

७. मे १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला. त्याचे हृदय झाडाखाली पुरले गेले, तेव्हा प्रार्थना वाचली ती वेनराइटने. झाडाच्या खोडावर नाव कोरले, तेही त्यानेच. सहकाऱ्यांनी देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीचे मानकरी म्हणून चालणाऱ्यांत वेनराइट होता. त्याने या प्रवासाची रोजनिशीही लिहून ठेवली होती.

८. १८७३ मध्येच मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर झांझिबारला गेले. त्या वर्षी सुलतानाने गुलामांचे बाजार बंद करण्याचा करार केला. आता मुक्त गुलामांची वसाहत आफ्रिकेतच हवी, असे ठरले आणि मिशनने तिची उभारणी सोपवली ती शरणपूर चालवलेल्या विल्यम साल्टर प्राइस यांच्यावर. मोंबासासमोर १८७४-७५ मध्ये ‘फ्रिअर टाउन’ वसले. शरणपुरात वाढलेली कुटुंबे तिथे गेली आणि शिक्षक, धर्मोपदेशक, कारागीर झाली. नव्याने सुटलेल्या मुलांना अक्षर ओळखायला शिकवणारे स्वतःही कधीकाळी असेच गलबतातून सुटलेले होते.

९. मात्र ही केवळ गौरवगाथा नव्हे. गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीने राबूनही पगार आणि मान कमीच, ही या लोकांची खंत होती. इंग्रजी येत असल्याने ते आपली तक्रार स्वतः मांडू शकत. आणि नेमके तेच अनेक मिशनऱ्यांना उद्धटपणाचे वाटे. भाषा शिकवणाऱ्यांना, ती बरोबरीच्या नात्याने बोलली जाईल, याचा अंदाज नव्हता.

१०. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टनने जोन्स आणि सेम्लर यांना धर्मसेवेची दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टन मारला गेला. मागे थांबलेला उरलेला तांडा सांभाळून किनाऱ्यावर परत आणला तो जोन्सने.

११. फ्रिअर टाउनमध्ये धोक्याची सूचना देणारी घंटा होती. स्वाहिलीत घंटेला ‘केंगेले’ म्हणतात; म्हणून त्या भागाला आजही ‘केंगेलेनी’ म्हणतात. इकडे ‘शरणपूर’ हे नाव रस्त्याच्या पाटीवर उरले आहे. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ मध्ये मोंबासात वारला.

१२. भाषा शिकवायला परदेशी जाणाऱ्याने प्रथम काय करावे? या माणसांचे उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे: समोरच्याची भाषा आधी शिकावी. पुढच्या वेळी शरणपूर रोडवरून जाताना आठवा, इथे शिकलेले धडे कधीकाळी मोंबासाच्या वर्गांत गिरवले गेले.