जी, गल आणि मिलिगल: कोल्हापूर–कोयना पट्ट्यातील सूक्ष्म त्वरणाचे मोजमाप

कोल्हापूरच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला गुरुत्वत्वरण किती, याचे गणिती उत्तर सुमारे ९७८.४६ गल असे येते. सेकंदाला एक सेंटिमीटर प्रतिसेकंद इतक्या त्वरणाला एक गल म्हणतात. गॅलिलिओच्या नावावरून पडलेल्या या एककाचा हजारावा भाग मिलिगल आणि दशलक्षावा भाग मायक्रोगल. शहरातून पन्हाळगडावर गेले की उंची सुमारे ४०० मीटरने वाढते. मोकळ्या हवेत दर मीटर चढाला ०.३०८६ मिलिगलची घट धरली, तर हा फरक १२३ मिलिगल होतो. पण गडाखाली हवा नाही, काळा कातळ आहे आणि त्याची स्वतःची ओढ घटीचा काही भाग भरून काढते. म्हणून प्रत्यक्ष घट साधारण ७५ ते १२३ मिलिगलच्या दरम्यान बसते. दहा किलोचा गुळाचा रवा अचूक ताणकाट्यावर गडावर जेमतेम एक ग्रॅमने हलका भरेल. पारड्याच्या तराजूला मात्र त्याचा पत्ताही लागणार नाही, कारण वजनेही त्याच प्रमाणात हलकी होतात.

हिंदुस्थानात हा फरक पद्धतशीर मोजण्याचे काम १८६५ मध्ये त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन बसेव्ही यांनी लंबकांनी सुरू केले. १८७१ मध्ये लडाखमध्ये काम चालू असतानाच त्यांचा मृत्यू झाला आणि पुढचे काम हेव्हिसाइड यांनी पुरे केले. त्या काळच्या तक्त्यांत गल नाही. लंबकाची दिवसभरातील आंदोलने किती, हाच तिथला आकडा. त्वरण आंदोलनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दिवसाला सुमारे ८६ हजार आंदोलने होत असतील, तर एका आंदोलनाचा फरक म्हणजे जवळपास २३ मिलिगल. या तक्त्यांतून किनाऱ्यावर ओढ जास्त आणि अंतर्भागात कमी, हे चित्र पुढे आले. कोकणातून घाट चढून देशावर येताना आजही हाच कल दिसतो.

पुढे जगभरच्या मोजण्या जर्मनीतील पॉट्सडॅमच्या एका किमतीला बांधल्या गेल्या. ती किंमतच सुमारे १४ मिलिगलने जास्त निघाली आणि १९७१ मध्ये नवे आंतरराष्ट्रीय जाळे मान्य झाले. पॉट्सडॅमला बांधलेल्या जुन्या भारतीय तक्त्यातील निरपेक्ष आकडा नव्या नकाशावर ठेवायचा, तर एकक तेच असूनही आधी १४ वजा करावे लागतात. दशांशचिन्ह सरकवण्याला रूपांतर समजणाऱ्याची फसगत होते ती इथे.

स्प्रिंगचे गुरुत्वमापी आल्यावर एका ठाण्याचे काम काही मिनिटांवर आले. हे यंत्र थेट मिलिगल दाखवत नाही. तबकडीवरचा आकडा त्या यंत्राच्या स्थिरांकाने गुणावा लागतो, शिवाय स्प्रिंग दिवसभरात हळूहळू सैलावते. म्हणून निरीक्षक सकाळच्या मूळ ठाण्यावर पुन्हा येऊन तेच वाचन घेतो आणि पडलेली तफावत मधल्या ठाण्यांवर वेळेच्या हिशेबाने वाटतो. चंद्र-सूर्याच्या ओढीची दुरुस्ती वेगळी. ती ०.३ मिलिगलपर्यंत जाऊ शकते. दख्खनच्या लाव्हाप्रदेशातील अशा मोजण्यांतून कैलासम आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये कोयना आणि कुर्डुवाडी इथले गुरुत्वाचे खोलगट पट्टे दाखवले. कोयनेकडच्या नकाशावर दुरुस्त्यांनंतर उरणारी विसंगती शंभर मिलिगलच्या आसपास, तीही उणे.

याच कोयनेने त्वरणाचे दुसरे टोकही दाखवले होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेला भूकंप धरणाच्या आत बसवलेल्या त्वरणलेखकाने नोंदवला. जागतिक वेळेने ती १० डिसेंबरची रात्र होती, म्हणून पुस्तकांत दोन्ही तारखा आढळतात. धरणाच्या लांबीच्या दिशेने त्वरण ०.६३ जी, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ आणि उभ्या दिशेने ०.३४ जी इतके चढले. धरणाच्या आराखड्यात ०.०५ हा भूकंपगुणांक धरला होता. हा गुणांक आणि त्वरणलेखकाने नोंदवलेले शिखर यांची थेट तुलना फसवी आहे, कारण गुणांक स्थिर भाराचा असतो आणि शिखर क्षणभराचे. तरी अंतर मोठे होते, हे भिंतीच्या वरच्या भागातील तड्यांनी सांगितले.

अभियंत्याचा जी म्हणजे ठरवून दिलेले ९८०.६६५ गल. या हिशेबाने ०.६३ जी म्हणजे ६१८ गल. कोयनेच्या जागेवरचे खरे गुरुत्व, सुमारे ९७८.३ गल, धरले तर उत्तर ६१६ येते. दीड गलचा हा फरक अभियंत्याच्या खिजगणतीत नसतो, कारण मूळ ०.६३ हाच दोन अंकी आकडा. गुरुत्वमापन करणाऱ्याला मात्र तेच दीड गल म्हणजे १,५०० मिलिगल, अख्ख्या कोयना विसंगतीच्या पंधरा पट.

नावांच्या सारखेपणातून होणारी चूक त्याहून वाईट. मायक्रो-जी आणि मायक्रोगल कानाला जवळचे, पण एक मायक्रो-जी म्हणजे ०.९८ मिलिगल, अर्थात सुमारे ९८१ मायक्रोगल. एस्आय पद्धतीत एक मिलिगल म्हणजे १० मायक्रोमीटर प्रतिसेकंदवर्ग आणि एक मायक्रोगल म्हणजे १० नॅनोमीटर प्रतिसेकंदवर्ग. तेलशोधकांच्या जुन्या कागदांत ‘गुरुत्व एकक’ भेटते, ते मिलिगलचा दहावा भाग.

१९९३ पासून भूकंपांचा जोर कोल्हापूर–सांगलीच्या सीमेवरील वारणा जलाशयाकडेही वाढला. अशा जलाशयालगतच्या भूभागात गुरुत्वातील बदलांचा मायक्रोगलपर्यंत हिशेब करताना पाणी विसरून चालत नाही. यंत्राखाली एक मीटर जाडीचा पाण्याचा विस्तीर्ण थर वाढला, तर वाचन ४२ मायक्रोगलने चढते. सच्छिद्र खडकात पाणी फक्त फटींत मावते, तेव्हा पाच टक्के फटींच्या खडकात भूजलपातळी एक मीटर चढली, तर हा परिणाम दोन मायक्रोगलवर येतो.