बोलत्या वास्तूंची कुळकथा

वास्तू पाहायला आलेल्या माणसाला तिथेच काही ऐकवायचे, ही रीत ध्वनिमुद्रणापेक्षा कितीतरी जुनी आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाच्या हेमाडपंती देवळात नंदी मागच्या बाजूला आहे. तो तिथे का, याचे उत्तर परंपरा कीर्तनातून देते. नरसीच्या नामदेवांना देवळासमोरून हटवले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. ही कथा इतिहासाच्या कसोटीला लावता येत नाही. पण ती माहीत असलेल्याला तो नंदी टाळ-वीणेशिवाय दिसत नाही.

यंत्राची पाळी १९५२ साली आली, तीही दोन ठिकाणी. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने रेडिओलहरींवरून माहिती ऐकवायला सुरुवात केली. प्रेक्षकाच्या हाती छोटा रेडिओ, कानाला हेडफोन. सगळ्यांना एकाच वेळी एकच निवेदन ऐकू येई, त्यामुळे सगळा घोळका एकदमच पुढच्या चित्राकडे सरके. त्याच वर्षी फ्रान्समधल्या शांबोर गढीचे अभिरक्षक पॉल रोबेर-उदँ यांनी रात्रीच्या अंधारात दिवे आणि ध्वनी यांचा खेळ मांडला. त्यांचे आजोबा नामांकित जादूगार होते, हा योगायोग फारसा नवलाचा नाही. पहिल्या प्रकारातून आजचा ऑडिओ गाइड आला, दुसऱ्यातून लाइट अँड साउंड शो.

संगीताची खरी भर गिझाच्या पिरॅमिडांपाशी पडली. तिथल्या कार्यक्रमात स्फिंक्स स्वतः बोलतो आणि १९६१पासून त्यामागे हलीम अल-दाब यांचे खास रचलेले संगीत वाजते. याच अल-दाब यांनी १९४४मध्ये कैरोतल्या झार या झाडफुंकीच्या विधीचे आवाज तारेच्या ध्वनिमुद्रकावर टिपून त्यांतूनच नवी रचना घडवली होती. म्हणजे जागेचा आवाज जागेलाच परत देणारा माणूस तिथे मिळाला.

भारतात हा खेळ १९६५मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आला. सावरकरांच्या कोठडीमुळे मराठी माणसाला जवळच्या वाटणाऱ्या अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये अंगणातला पिंपळ निवेदक झाला. त्याला आवाज ओम पुरींचा. गोवळकोंड्याच्या किल्ल्यात अमिताभ बच्चन बोलत असत. मात्र त्या किल्ल्याचे स्वतःचे ध्वनिशास्त्रही कमी नाही: फतेह दरवाज्यापाशी वाजवलेली टाळी वर बालाहिसारात ऐकू येते, आणि ती बहुतेकांच्या जास्त लक्षात राहते.

अशा कार्यक्रमांत निवेदन आणि संगीत वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित करणे सोयीचे पडते. भाषा बदलली की निवेदनाची पट्टी बदलते. घोड्यांच्या टापा, नगारा, पार्श्वसंगीत तेच राहते. म्हणून संगीतकाराला शब्दांवर फार टेकता येत नाही. शिवाय मराठी वाक्य आणि त्याचेच इंग्रजी रूप सारख्या लांबीचे नसते, तेव्हा दोन वाक्यांमधल्या मोकळ्या जागा संगीतालाच भरून काढाव्या लागतात.