एका वर्षाचा खंड

२०२२ च्या अखेरीस अमेरिकेतून एक छोटीशी बातमी आली. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा शहराचे 'सांता क्लारा व्हॅनगार्ड' हे ड्रम कोअर पुढच्या उन्हाळ्यात मैदानात उतरणार नाही, असे त्याच्या संस्थेने जाहीर केले होते. १९७२ पासून राष्ट्रीय स्पर्धा ज्या ज्या वर्षी झाली, त्या प्रत्येक वर्षी हे पथक अंतिम फेरीत होते. असा विक्रम दुसऱ्या कुठल्याही पथकाच्या नावावर नव्हता. सात विजेतेपदे त्याच्याकडे होती आणि शेवटचे मिळून जेमतेम चार वर्षे झाली होती.

इतिहासाच्या पुस्तकांत आपण संस्थांची स्थापना वाचतो आणि अस्तही वाचतो. मधे कधीतरी मोडून पडलेली संस्था पुन्हा उभी राहते, तेव्हा नेमके काय घडते, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. म्हणून मला या पथकाची गोष्ट सांगावीशी वाटते.

आधी ड्रम कोअर म्हणजे काय ते पाहू. साधारण दीडशे तरुण मुले-मुली, त्यांच्या हातात पितळी वाद्ये, गळ्यात ड्रम आणि झांजा, सोबत ध्वज आणि लाकडी रायफली फिरवणारे कलाकार. फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम. वाजवायचे आणि त्याच वेळी पावलांनी मैदानावर आकृत्या रेखायच्या. परीक्षक शंभरपैकी गुण देतात. त्यातले चाळीस एकूण परिणामाला, तीस संगीताला आणि तीस दृश्याला. अखेरीस पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात कधी कधी दशांश गुणाचे अंतर उरते.

याचे मूळ सैन्यात आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी अमेरिकेच्या गावोगावी ड्रम आणि बिगुलांची पथके काढली. पुढे त्यांत पोरे आली, स्पर्धा आल्या. १९७१ मध्ये पथकांनी स्वतःची संघटना उभारली, 'ड्रम कोअर इंटरनॅशनल', आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली.

पण आणखी मागे गेलो तर वाट इस्तंबूलला पोचते. युरोपच्या फौजांमध्ये मोठा ढोल आणि झांज आली ती उस्मानी तुर्कांच्या मेहतेर पथकांकडून. येनिचेरी सैनिकांबरोबर नगारे, झुर्ना आणि झांजा वाजवत चालणाऱ्या या पथकांची नक्कल अठराव्या शतकात युरोपातल्या राजांनी हौसेने केली. आज अमेरिकी पथकांमध्ये ज्या झिल्जियान झांजा दिसतात, त्या नावात तुर्की 'झिल', म्हणजे झांज, हा शब्द आहे. १६२३ मध्ये उस्मानी राजधानीत सुरू झालेल्या एका आर्मेनियन कारागिराच्या घराण्याचा तो धंदा १९२९ मध्ये अमेरिकेत गेला. या मेहतेरची आठवण मला पुढे पुन्हा करावी लागणार आहे.

व्हॅनगार्ड १९६७ मध्ये सुरू झाले. पहिला संचालक गेल रॉयर. तो संगीत शिकवणारा शिक्षक होता आणि पंचवीस वर्षे त्याने हे पथक चालवले. १९७३ आणि १९७४, मग १९७८, १९८१ आणि १९८९ अशी विजेतेपदे त्याच्या काळातली. 'फिडलर ऑन द रूफ' या संगीतनाटकावरून घेतलेले त्यांचे बाटलीनृत्य इतके गाजले, की पुढच्या पिढ्यांनीही ते पुन्हा पुन्हा सादर केले. १९९९ मध्ये ब्लू डेव्हिल्स या शेजारच्याच पथकाबरोबर विजेतेपद वाटून घ्यावे लागले. त्यानंतर १९ वर्षांनी, २०१८ मध्ये, 'बॅबिलॉन' या कार्यक्रमाने सातवे विजेतेपद आणले.

मग थांबावे का लागले? कारण पैशाचे होते. या पथकांना सरकारी अनुदानाचा भक्कम आधार नसतो. मुले स्वतः काही हजार डॉलर शुल्क भरतात, तरी खर्च भागत नाही. बसगाड्या, सामानाचे ट्रक, इंधन, दीड-दोनशे माणसांचे रोजचे जेवण, शिक्षकांचे मानधन. व्हॅनगार्डची संस्था बरीच वर्षे बिंगोचे खेळ चालवून पैसा उभा करत होती. कोविडच्या काळात माणसे एकत्र यायचीच थांबली. २०२० ची स्पर्धा रद्द झाली, २०२१ मध्ये गुणांशिवाय नुसते कार्यक्रम झाले. २०२२ मध्ये पथक मैदानात आले, पण संस्थेचा जमाखर्च जुळला नाही. संस्था बुडवून एक हंगाम खेळण्यापेक्षा एक हंगाम सोडून संस्था वाचवायची, असा निर्णय झाला.

कागदावर हा निर्णय सोपा दिसतो. एक वर्ष थांबायचे, हिशेब नीट करायचा, पुन्हा सुरू करायचे. पण शिक्षक म्हणून मला यातली अडचण लगेच दिसते. या पथकांत वयाची अट आहे. एकविशी ओलांडली की बाहेर. म्हणजे दरवर्षी सर्वांत तयार झालेली तुकडी निघून जातेच, आमच्या शाळेतून दहावीची जाते तशी. राहिलेली मुले नव्यांना शिकवतात, म्हणून काम चालते. रांगेत उभे कसे राहायचे, श्वास कुठे घ्यायचा, उन्हात दहा-बारा तास सराव करताना पाणी कधी प्यायचे, रात्री एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेतल्या फरशीवर झोपून पहाटे पुन्हा मैदानात कसे यायचे, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नसते. मोठे धाकट्यांना देतात. आपण ज्याला सिलसिला म्हणतो, तो हाच.

एक वर्ष थांबले की त्या वर्षी वय संपलेली मुले कायमची गेली. ज्यांचे वय शिल्लक होते त्यांच्यातल्या कितीतरी जणांना वाजवायचेच होते, ते दुसऱ्या पथकांत गेले. तिथे त्यांना नवे मित्र मिळाले, नवा गणवेश मिळाला. त्यांना परत ये म्हणणार कोणत्या तोंडाने? शिक्षकांचेही तेच. चांगला ड्रम शिकवणारा माणूस वर्षभर रिकामा बसत नाही.

उभारणीच्या हंगामात दुसरा पेच कार्यक्रमाचा असतो. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये निवड चाचण्या होतात, हिवाळ्यात महिन्यातून एखादे शिबिर, मे महिन्यापासून दिवसभराचा सराव, जून ते ऑगस्ट दौरा. एवढ्या वेळात नवख्या मुलांना काय द्यायचे? सोपे दिले तर ती स्वच्छ वाजवतील, पण परीक्षक म्हणतील यात काही पणाला लागलेले नाही. कठीण दिले आणि ऑगस्टपर्यंत बसले नाही, तर दीडशे पावलांतली दहा चुकीची पावले सगळ्या मैदानाला दिसतील. आणि प्रेक्षकांना तर जुने विजेते पथकच हवे असते. यंदाची मुले नवी आहेत, म्हणून कोणी टाळ्या जास्त वाजवत नाही.

आता मेहतेर. १८२६ मध्ये सुलतान महमूद दुसरा याने येनिचेरी फौज मोडून काढली आणि तिच्याबरोबर मेहतेरही बंद झाले. दोन वर्षांत ज्युसेप्पे दोनिझेत्ती हा इटालियन संगीतकार दरबारात आला आणि युरोपीय धर्तीचा बँड तयार करू लागला. जवळपास नव्वद वर्षांनी, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, इस्तंबूलच्या लष्करी संग्रहालयात मेहतेर पुन्हा उभे करण्याचा प्रयत्न झाला. १९३५ मध्ये तेही बंद पडले, आणि १९५२ मध्ये पुन्हा सुरू झाले. आज पर्यटक जे पथक पाहतात ते हे. पोशाख देखणा आहे, नगारे मोठे आहेत. पण त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध चालींपैकी काही विसाव्या शतकात रचलेल्या आहेत. उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जाणारे जे वादन होते, त्यातले बरेच काही १८२६ नंतर हात बदलणारे हातच न उरल्याने गेले. पोशाख चित्रांवरून शिवता येतो. हाताचे वजन चित्रात येत नाही.

व्हॅनगार्डच्या बाजूने एक गोष्ट होती. त्यांचा खंड एका वर्षाचा होता. जुनी मुले, जुने शिक्षक हयात होते, फोनवर होते, शिकवायला येऊ शकत होते. २०२४ मध्ये 'व्हॅगाबॉण्ड' हा कार्यक्रम घेऊन पथक परतले आणि अंतिम फेरीच्या बारा पथकांत त्याने पुन्हा जागा मिळवली. विजेतेपद नव्हते. माझ्या दृष्टीने ही बारांतली जागा त्यांच्या जुन्या एखाद्या विजयापेक्षा कमी नाही.

प्रत्येकाला हे जमत नाही. न्यू जर्सीत १९३४ मध्ये सुरू झालेले 'द कॅडेट्स' हे याच स्पर्धेतले दहा वेळचे विजेते. २०१८ मध्ये त्यांच्या संचालकावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि त्याने पद सोडले. पथक त्यानंतरही काही वर्षे लढले. पण जुन्या प्रकरणांचे खटले आणि खर्च मागे लागलेच. नव्वदावे वर्ष सुरू होत असतानाच, जानेवारी २०२४ मध्ये, कॅडेट्सने काम थांबवल्याचे जाहीर केले. ज्या उन्हाळ्यात व्हॅनगार्ड परतले, त्याच उन्हाळ्यात कॅडेट्स नव्हते. पैशाची तूट भरून काढता येते. आईबापांनी विश्वासाने सोपवलेल्या मुलांचे रक्षण झाले नाही, तर ते भरून काढायला वर्गणी पुरत नाही.

आपल्याही वस्त्यांत कितीतरी कामे अशी 'सध्या' बंद आहेत. एखादे उर्दू वाचनालय, मुलींचा संध्याकाळचा वर्ग, एखादी व्यायामशाळा. निधी आला की सुरू करू, असे आपण म्हणतो. निधी हवाच. पण त्याआधी एक यादी करायला हवी. तिथे शिकलेले, शिकवलेले कोण कोण अजून गावात आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाला आठवड्यातून एक संध्याकाळ देता येईल? ती यादी जितकी उशिरा कराल, तितकी ती लहान होत जाईल.