थायरॉइड नेत्रविकार आणि गावोगावची दृष्टितपासणी : बारामती व इंदापूर

थायरॉइड नेत्रविकार : गळ्यातील थायरॉइड (अवटू) ग्रंथीच्या बिघाडाशी जोडलेला, पण डोळ्याच्या खोबणीत घडणारा प्रतिकारसंस्थेचा आजार. गावाकडे तो ‘डोळे बटबटीत झालेत’ एवढ्या तीन शब्दांत सांगितला जातो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत डोळ्यांची शिबिरे लोकांच्या ओळखीची आहेत. पण शिबिर म्हटले की मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर, हेच समीकरण आहे. थायरॉइडचा डोळा या तपासणीतून सहज निसटतो. तो का निसटतो आणि कसा हाती लागेल, हे या नोंदीत प्रामुख्याने पाहिले आहे.

या आजारात शरीर स्वतःच्याच थायरॉइड पेशींवरील टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. हेच ग्राही डोळ्यामागच्या तंतुजनक पेशींवरही असतात. त्या पेशी चेतवल्या गेल्या की चरबी वाढते, पाणी धरून ठेवणारी द्रव्ये साठतात आणि डोळा फिरवणारे स्नायू जाड होतात. खोबण हाडाची असल्याने ती ताणत नाही. मग नेत्रगोल पुढे सरकतो, आणि तेवढ्यानेही जागा पुरली नाही तर मागे दृक्-चेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) दाबली जाते. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये आणि जर्मनीत कार्ल फोन बाझेडो यांनी १८४० मध्ये या आजाराचे वर्णन केले. सुमारे ९० टक्के रुग्णांत थायरॉइडचा स्राव वाढलेला असतो. उरलेल्यांत तो कमी किंवा अगदी योग्यही असू शकतो, म्हणून ‘थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला’ एवढ्यावर डोळ्यांची शंका फिटत नाही. आजार स्त्रियांत अधिक आढळतो, पण पुरुषांत आणि उतारवयात तो जास्त उग्र होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत त्याचा धोका वाढतो, तीव्रता वाढते आणि औषधांचा गुणही कमी येतो. चुलीचा धूर किंवा फडातली धूळ यांनी हा आजार होत नाही, पण पुरता न मिटणारा डोळा त्यांनी फार चुरचुरतो.

खुणा चेहऱ्यावरच असतात. वरची पापणी वर ओढली जाते आणि बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसू लागतो. शेजारीण विचारते, ‘काय गं, रागावलीस का?’ बाई रागावलेली नसते. सकाळी पापण्या सुजलेल्या असतात, डोळे लाल होतात, पाणी येते, रात्री झोपेतही फट उघडी राहते. खालचा स्नायू आधी आखडत असल्याने वर पाहताना एकाचे दोन दिसतात. इंदापूरकडच्या द्राक्षमांडवाखाली दिवसभर मान वर करून घड विरळणाऱ्याला ही तक्रार इतरांआधी जाणवेल, पण तिचा संबंध गळ्यातल्या ग्रंथीशी आहे हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. लाल रंग फिका दिसू लागणे ही सर्वांत धोक्याची खूण होय. ती दृक्-चेतेवर दाब आल्याची असू शकते आणि अशा रुग्णाला पुढच्या शिबिराची वाट पाहायला लावणे म्हणजे नजर घालवणे. असे नजरेवर बेतणारे रूप शंभरातल्या तीन ते पाच रुग्णांतच दिसते.

भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि त्याचा भर साहजिकच मोतीबिंदूवर राहिला. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आढळले, त्यातले ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. तेव्हा शिबिराची मांडणी मोतीबिंदूभोवती झाली यात चूक काहीच नाही. शाळेच्या व्हरांड्यात सहा मीटरवर तक्ता टांगलेला असतो, माणूस तळहाताने एक डोळा झाकतो, ओळी वाचतो किंवा ‘ई’ची तोंडे बोटाने दाखवतो, मग टॉर्चच्या उजेडात बाहुली पाहिली जाते. बाहुली पांढुरकी दिसली की शस्त्रक्रियेच्या यादीत नाव लागते, जवळचे दिसत नसेल तर चाळिशीचा चष्मा मिळतो. थायरॉइडच्या डोळ्याची बाई मात्र शेवटची ओळ खणखणीत वाचते. कागदावर ‘६/६’ लिहिले जाते आणि ती घरी जाते. तक्ता नजर मोजतो. पापणी, स्नायू आणि रंग तो मोजत नाही.

ही उणीव भरायला यंत्र लागत नाही. तपासणाऱ्याने बोट वरून हळूहळू खाली न्यावे आणि रुग्णाला नजरेने त्याच्या मागे यायला सांगावे. निरोगी माणसाची पापणी बुबुळाबरोबर उतरते. या आजारात ती क्षणभर वरच अडकते आणि पांढरी कड चमकते. एकदा पाहिली की ही खूण विसरली जात नाही. त्यानंतर औषधाच्या बाटलीचे लाल झाकण आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याला दाखवून दोन्हीकडे सारखेच लाल दिसते का, हे विचारावे. जुना फोटोही फार उपयोगी पडतो : लग्नातला किंवा आधार कार्डावरचा चेहरा समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला की बदल कधीचा आहे ते उमगते. आशाताईंना हे सारे दुपारभरात शिकवता येईल. घरोघरी जाणाऱ्या, गावातला प्रत्येक चेहरा ओळखणाऱ्या आशाताईंइतकी चांगली तपासनीस या आजाराला दुसरी मिळणे कठीण.

या तालुक्यांतल्या तपासणीला उसाच्या हंगामाचेही वेळापत्रक पाळावे लागते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड टोळ्या येतात आणि फडाजवळ कोप्या पडतात. गावच्या मतदारयादीवरून किंवा शाळेच्या पटावरून बेतलेल्या तपासणीत ही माणसे आणि त्यांची मुले येतच नाहीत. त्यांचा मुख्य धोका वेगळा आहे : उसाचे धारदार पाते डोळ्याला लागून होणारी जखम आणि तिच्यातला बुरशीचा संसर्ग. अशा जखमेत दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले तर बुरशी फोफावते. थायरॉइडच्या डोळ्याला वाचवणारे औषधही स्टेरॉइडच, पण ते थेंबांनी नव्हे, शिरेतून देतात. लाल डोळा दिसला की थेंब, ही सवय म्हणूनच घातक आहे.

आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी याच वाटेने जाते. हजारो वयस्क माणसे एकत्र भेटतात, पण ती दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामाला निघतात. त्यांना दिलेल्या चिठ्ठीवर वारकऱ्याच्या स्वतःच्या तालुक्यातल्या रुग्णालयाचे नाव हवे. बारामतीचे नाव लिहून उपयोग नाही.

उपचाराची सुरुवात थायरॉइड आटोक्यात आणण्यापासून आणि धूम्रपान सोडण्यापासून होते. सौम्य आजारात दिवसा कृत्रिम अश्रू, रात्री मलम आणि उशाला थोडी उंची एवढ्यावर भागते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत सहा महिने घेतलेल्या सेलेनियमचा सौम्य रुग्णांना लाभ दिसला. मात्र त्या चाचणीतले बरेच रुग्ण सेलेनियम कमी असलेल्या प्रदेशांतले होते. थायरॉइडच्या उपचारासाठी किरणोत्सारी आयोडीन दिल्यास डोळे बिघडू शकतात, म्हणून ते देण्याआधी डोळे तपासलेच पाहिजेत. मध्यम ते तीव्र आणि धगधगत्या आजारात मेथिलप्रेडनिसोलोन शिरेतून देतात : सहा आठवडे दर आठवड्याला ५०० मिलिग्रॅम, पुढचे सहा आठवडे २५० मिलिग्रॅम. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मान्यता मिळालेले टेप्रोटुमुमॅब दर तीन आठवड्यांनी आठ वेळा देतात. ते डोळ्याचा पुढावा कमी करते. पण अतिशय महाग आहे, रक्तातली साखर वाढवते आणि काहींच्या ऐकण्यावर परिणाम करते. आजार शांत झाल्यावर आणि किमान सहा महिने स्थिर राहिल्यावर शस्त्रक्रियांचा विचार होतो. आधी खोबणीचे हाड वा चरबी काढून जागा करणे, मग तिरळेपणा, शेवटी पापणी, असा त्यांचा क्रम असतो. आधीची शस्त्रक्रिया पुढचीचे माप बदलते म्हणून तो उलटवत नाहीत. चेतेवर दाब आला असेल तर मात्र कशाचीच वाट न पाहता मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देतात आणि उतार पडला नाही तर तातडीने खोबण मोकळी करतात.

खोबणीची शस्त्रक्रिया पुण्यासारख्या मोठ्या केंद्रातच व्हावी; बारामतीहून ते सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, इंदापूरहून त्याहून लांब. पण बारा आठवड्यांच्या सलाईनसाठी रोजंदारीवरच्या बाईने बारा वेळा पुण्याला जायचे म्हटले की तिसऱ्या-चौथ्या खेपेला उपचार सुटतो. ही सलाईन द्यायला नेत्रशस्त्रक्रियागृह लागत नाही. खाट, रक्तदाब आणि साखर पाहणारी परिचारिका, यकृताची तपासणी करणारी प्रयोगशाळा आणि डॉक्टरांची देखरेख पुरते. बारामतीत २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. निदान आणि योजना पुण्यात ठरवून आठवड्याची मात्रा तिथे दिली, तर निमगाव केतकीच्या बाईला दुपारच्या एसटीने घरी परतता येईल.