बीदरचे आकाश आणि ताऱ्यांचे मेघ

बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, हे जिल्हे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हैदराबादपासून वेगळे होऊन म्हैसूर राज्यात गेले, तरी भालकी, औराद, हुमनाबाद या तालुक्यांचा हैदराबाद शहराशी असलेला संबंध टिकून राहिला आणि पुढे त्यात आकाशमार्गाचीही भर पडली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६९ मध्ये हैदराबादेत वैज्ञानिक फुग्यांचे कायमचे केंद्र उभारले. तेथून सुटणारे, पातळ पॉलिथिनचे, हायड्रोजनने भरलेले प्रचंड फुगे तीस किलोमीटरहून उंच जातात, तिथल्या वाऱ्यांबरोबर वाहतात आणि काही तासांनी त्यांची उपकरणे पॅराशूटने दूरच्या शिवारात उतरतात. उपकरणे सापडल्यास त्यांना हात न लावता पोलिसांना किंवा संस्थेला कळवावे, अशी सूचना गावकऱ्यांना दिली जाते. जानेवारी २०२५ मध्ये असाच एक फुगा हुमनाबाद तालुक्यातील जलसंगी गावात एका घरावर येऊन पडला. चालुक्यकालीन मंदिरावरील, शिलालेख कोरणाऱ्या स्त्रीच्या शिल्पामुळे अभ्यासकांना परिचित असलेले हेच ते गाव.

या केंद्राच्या इतिहासातील विशेष मोलाचे पर्व म्हणजे फुग्यावरून वर नेली जाणारी, एक मीटर व्यासाच्या आरशाची दूर-अवरक्त दुर्बीण होय. दूर-अवरक्त किरण, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या शेकडोपट तरंगलांबीचे किरण, हवेतील बाष्प जवळजवळ पूर्णपणे शोषून घेते. म्हणून वातावरणाचा सुमारे ९९ टक्के भाग खाली टाकूनच ते पाहावे लागतात. नवजात तारे मात्र नेमके याच किरणांतून ओळख देतात, कारण त्यांच्याभोवतीची धूळ त्यांचा प्रकाश गिळते, तापते आणि ती ऊर्जा अवरक्तात परत फेकते.

सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचा तारा आपल्या जन्ममेघाला स्वस्थ राहू देत नाही. त्याचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवतात, तो वायू सुमारे दहा हजार अंशांपर्यंत तापतो आणि फुगत जाताना भोवतालचा थंड वायू कवचासारखा रेटत नेतो. त्या दाबाने कुठे नवे तारे आकार घेतात, तर कुठे ताऱ्यांचे साहित्यच उधळले जाते. तप्त वायूच्या या पोकळीच्या काठावर, जिथवर हायड्रोजन फोडणारे किरण पोहोचत नाहीत, तिथेही कार्बनचा इलेक्ट्रॉन सुटतो, कारण त्याला कमी ऊर्जा पुरते. असा आयनीभूत कार्बन १५८ मायक्रोमीटरच्या एका ठरावीक रेषेत प्रकाशतो आणि वायूतील उष्णता बाहेर नेतो. मेघ कुठे झिजतो आहे, हे त्या रेषेवरून कळते.

१९९९ पासून जपानी शास्त्रज्ञांनी बनवलेला वर्णपटमापक या दुर्बिणीला जोडला गेला आणि ही रेषाच तिचे मुख्य लक्ष्य ठरली. मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे त्यावरून केलेले मापन २००३ मध्ये, तर आरसीडब्ल्यू ३८ या दक्षिणेकडील तारकाजन्म-प्रदेशाचा विस्तृत नकाशा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उपग्रहांच्या तुलनेत अल्प खर्चात आणि एकेका रात्रीच्या उड्डाणात झालेले हे काम दख्खनच्या विज्ञानेतिहासात मानाने नोंदवण्याजोगे आहे, कारण त्या नकाशात ताऱ्यांच्या दाट पुंजक्यापासून बऱ्याच दूरपर्यंत पसरलेला आयनीभूत कार्बन दिसला.