माथेरान : माथ्यावरचे नगर आणि त्याचे वाहक

भारताच्या जनगणनेत एखादी वस्ती ‘नगर’ ठरण्यासाठी तीन कसोट्या सांगितल्या आहेत. लोकसंख्या किमान 5,000 असावी, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे राहत असावीत आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायांत असावेत. या कसोट्यांखेरीज, जेथे कायद्याने नगरपालिका स्थापन झालेली आहे ती वस्ती आकाराने कितीही लहान असली तरी नगरच मानली जाते. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील माथेरान हे या दुसऱ्या वाटेने झालेले नगर आहे. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 4,393 भरली. देशावरच्या एखाद्या बऱ्यापैकी खेड्यातही याहून अधिक माणसे नांदतात. तरीही माथेरानला स्वतंत्र नगरपालिका आहे, रेल्वे आहे, आणि त्याच्या रस्त्यांविषयी व रिक्षांविषयी सर्वोच्च न्यायालयाला निर्णय द्यावे लागले आहेत. एवढ्याशा गावाला हे महत्त्व कशाने आले, याचे उत्तर त्याच्या भूगोलात आहे. आणि त्या भूगोलाची किंमत कोणी चुकवली, याचे उत्तर त्याच्या लोकसंख्येत आहे.

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून उल्हास नदीच्या खोऱ्याच्या पश्चिमेस एक डोंगर उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे 800 मीटर असून माथ्यावर वेड्यावाकड्या सोंडा फुटलेले अरुंद पठार आहे. उत्तरेस पेबचा किल्ला, पश्चिमेस प्रबळगड आणि चहूबाजूंनी तुटलेले कडे, असा हा प्रदेश आहे. डोंगराचे अंग काळ्या पाषाणाचे असले तरी माथ्यावर जांभ्याचा जाड थर आहे. माथेरानची लाल माती ही या जांभ्याचीच देणगी होय. पावसाळ्यात येथे पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पण जांभा सच्छिद्र असल्याने पाणी मुरते, झिरपते आणि कड्यांवरून निघून जाते. उताराची माती मोकळी झाली की तीही पाण्याबरोबर वाहून जाते. शेतीला पुरेशी जमीन नाही, पाणी साठवावे किंवा खालून चढवावे लागते, आणि माथ्यावर येणारा प्रत्येक दाणा सातशे मीटरांहून अधिक चढण चढून येतो. वस्तीसाठी इतकी गैरसोयीची जागा सहसा कोणी निवडत नाही. ती निवडली गेली, कारण निवडणाऱ्यांना ओझे स्वतः वाहायचे नव्हते.

1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढून गेले आणि त्यांनी माथेरानचा ‘शोध’ लावला, असे सांगण्याची प्रथा आहे. हा शब्द जपून वापरायला हवा. माथ्यावरचे रान ज्यांच्या रोजच्या वावरातले होते ते धनगर, ठाकूर आणि कातकरी या डोंगराच्या अंगाखांद्यावर पूर्वीपासून राहत होते. मॅलेटसाहेब चढले त्या वाटाही त्यांच्याच पायांनी पडलेल्या असणार. मॅलेट यांच्या आगमनाने बदलला तो डोंगराचा उपयोग. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन (कारकीर्द 1853 ते 1860) यांनी या जागेला आश्रय दिला. त्याच सुमारास, 1856 मध्ये, कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि डोंगराच्या पायथ्याचे नेरळ मुंबईला जोडले गेले.

येथे माथेरानचा आणि इतर गिरिस्थानांचा फरक ध्यानात घेतला पाहिजे. सिमला ही साम्राज्याची उन्हाळी राजधानी होती. उटकमंड मद्रास सरकारचे, तर महाबळेश्वर मुंबई सरकारचे. माथेरानवर सरकारचे कारभारी बसले नाहीत. ते मुंबई शहराचे गिरिस्थान झाले. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पाठोपाठ पारशी, बोहरा आणि इतर धनिक कुटुंबांनी येथे बंगले बांधले. 1905 मध्ये नगरपालिका आली. बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीने 1904 ते 1907 या काळात दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे नेरळहून वर आली. सरळ रेषेत थोडक्या किलोमीटरांवर असलेला माथा गाठण्यासाठी या गाडीला सुमारे 21 किलोमीटर वळणे घ्यावी लागतात. सर्वांत तीव्र चढ वीस फुटांना एक फूट असा आहे.

पण रेल्वेने ओझ्याचा प्रश्न स्थानकापुरताच सोडवला. तेथून बंगल्यापर्यंत, बाजारापर्यंत, खाणावळीपर्यंत माणूस आणि सामान पोचवण्याचे काम घोड्याकडे, हमालाकडे आणि पुढे हातरिक्षा ओढणाऱ्याकडे राहिले. आधीच्या पिढ्यांत हेच काम पालखीच्या भोयांनी केले होते. पायथ्याच्या वाड्यांतून लाकूडफाटा, भाजी, करवंदे-जांभळे डोक्यावर घेऊन चढणाऱ्या ठाकूर-कातकरी स्त्रियांचे श्रम तर कोणत्याही नोंदवहीत आले नाहीत. हंगामात काम आणि पावसाळ्यात बेकारी, हे येथील कष्टकऱ्यांचे वर्षाचे चक्र ठरून गेले.

या कष्टकरी माथेरानने देशाला एक हुतात्मा दिला, ही गोष्ट पर्यटकांच्या माहितीपत्रकांत क्वचितच आढळते. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म 1912 मध्ये माथेरानमध्ये एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. ते शिकून वकील झाले, गावच्या नगरपालिकेच्या कारभारात पडले आणि पायथ्याच्या शेतकऱ्यांना व आदिवासींना सावकारीच्या जाचातून सोडवण्यासाठी झटले. 1942 च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. शहराच्या विसाव्यासाठी वसवलेल्या गावातूनच त्या शहराचा वीजपुरवठा तोडणारा माणूस निघाला, यात नुसता योगायोग नाही. ज्यांच्या श्रमांवर तो विसावा उभा होता, त्यांच्यातच तो वाढला होता.

आता लोकसंख्येचे आकडे पाहावेत. 2001 मध्ये माथेरानची लोकसंख्या 5,139 होती. दहा वर्षांनी ती 4,393 झाली. म्हणजे दर सात माणसांमागे एक कमी झाला, आणि तोही मुंबईभोवतीची सारी गावे फुगत असताना. 2001 च्या गणनेत येथे दर शंभर माणसांत पुरुष 58 आणि स्त्रिया 42 होत्या. हे प्रमाण बिऱ्हाड थाटून राहणाऱ्या गावाचे नव्हे. ते कामासाठी वर येणाऱ्या आणि घर खाली ठेवणाऱ्या पुरुषांच्या गावाचे आहे. शिवाय रोज सकाळी चढून येणारे आणि संध्याकाळी उतरून जाणारे या आकड्यात नाहीतच. त्यांची मोजणी त्यांच्या वाड्यांत होते. सुटीच्या दिवशी रस्ते भरून टाकणारे पाहुणेही त्यात नाहीत. जनगणना माणसाला तो राहतो तेथे मोजते. तो कोठे राबतो, हे गावाच्या आकड्यावरून कळत नाही, आणि माथेरानसारख्या गावी नेमके तेच जाणून घेणे गरजेचे असते.

4 फेब्रुवारी 2003 च्या अधिसूचनेने माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र ठरला. मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडता पुढे वाहन जात नाही. या बंदीने झाडी टिकली, शांतता टिकली आणि माथेरानचे वेगळेपणही टिकले. पण तिचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. जुलै 2005 च्या अतिवृष्टीत लोहमार्ग वाहून गेला आणि 2007 पर्यंत गाडी बंद राहिली. 2019 च्या पावसाने पुन्हा तोडलेला नेरळपासूनचा पूर्ण मार्ग 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. अशा प्रत्येक खंडात आजारी माणूस, शाळकरी मूल आणि धान्याचे पोते यांना उरलेली वाट एकच होती : पायांची आणि पाठीची.

2022 च्या डिसेंबरात विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. त्यावर मोठा वाद झाला. घोडेवाल्यांना पोट जाण्याचे भय होते, पर्यावरणवाद्यांना मोटारीची वाट मोकळी होण्याचे, आणि रस्त्यांवर फरसबंदीचे ठोकळे बसवावेत की लाल मातीच ठेवावी, हा तंटा वेगळाच. 6 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा संविधानाच्या प्रतिष्ठेच्या वचनाशी विसंगत ठरवली आणि सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करून ओढणाऱ्यांनाच विजेच्या रिक्षा द्याव्यात, असा आदेश दिला. 1850 पासूनच्या माथेरानच्या इतिहासात वाहणाऱ्याचा विचार प्रवाशाच्या आधी झाल्याचा असा प्रसंग दुसरा आढळत नाही.

या निर्णयाने सगळे प्रश्न मिटत नाहीत. घोड्यांच्या टापांनी आणि पावसाने झिजणारी माती, हंगामी रोजगार, घटती वस्ती, पायथ्याच्या वाड्यांचे दारिद्र्य हे सारे तसेच आहे. झाडे वाचवण्यासाठी माणसे वाकवावी लागतात, हा समज मात्र यापुढे आधाराला घेता येणार नाही. यापुढच्या जनगणनेत माथेरानचा आकडा आणखी उतरेल की सावरेल, हे मुख्यतः एकाच गोष्टीवर अवलंबून राहील : येथे राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी डोंगर न उतरता, आपल्या बायकामुलांसह, याच गावात राहणे परवडेल की नाही.