कानाच्या नसेवरची गाठ : ‘थांबून पाहू’ हा सल्ला कसा आला?

एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून एमआरआय काढला आणि रिपोर्टमध्ये ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ लिहून आलं, की पहिला प्रश्न असतो, “डॉक्टर, ही गाठ वाढेल का?” त्यावर “सध्या ऑपरेशन नको, काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू” असं उत्तर मिळालं तर तुम्हाला वाटेल, डॉक्टर काहीच करत नाहीत. म्हणून या सल्ल्याचा इतिहास समजून घ्या.

ही गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातून ती तयार होते. नेदरलँड्समधील लायडन येथे एडवर्ड सँडिफोर्ट यांनी १७७७ मध्ये शवविच्छेदनात सापडलेल्या अशा गाठीचं वर्णन केलं. त्यानंतर दीर्घकाळ डॉक्टरांसमोर आल्या त्या मेंदूवर दाब देणाऱ्या मोठ्या गाठीच. अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी १९१७ मध्ये या गाठींवर ग्रंथ लिहिला, तेव्हाही रुग्ण उशिराच येत. साहजिकच ‘गाठ आहे म्हणजे ती वाढणारच’ असा समज रुजला.

एमआरआय आल्यावर चित्र बदललं. काही मिलिमीटरच्या गाठीही दिसू लागल्या. त्यातल्या अनेक गाठी ऑपरेशन न करता नुसत्या तपासत राहिल्यावर काय दिसलं? डेन्मार्कमधील ५५२ रुग्णांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कानाच्या आतल्या हाडाच्या नळीतच असलेल्या गाठींपैकी १७ टक्के, तर नळीबाहेर आलेल्यांपैकी २९ टक्के वाढल्या. ही वाढ मुख्यतः निदानानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत दिसली.

मग तुमची गाठ वाढेल का? एकाच एमआरआयवरून हे खात्रीने सांगता येत नाही. रुग्णाच्या वयावरूनही नाही. गाठ नळीबाहेर आलेली असणं, पहिल्याच वर्षात ती वाढणं, हे सावध करणारे संकेत आहेत. खरं उत्तर दोन एमआरआय शेजारी ठेवून मिळतं.

म्हणून जुनी सीडी आणि रिपोर्ट जपून ठेवा. त्रास नाही म्हणून पुढची तपासणी टाळू नका. गाठ वाढली नाही तरी ऐकू येणं कमी होऊ शकतं, म्हणून श्रवणचाचणीही करत राहा. गाठ वाढलीच, तर ऑपरेशन किंवा रेडिएशनचा निर्णय वेळेत घेता येतो. थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. पण तपासणी चुकली, तर मात्र ते दुर्लक्षच ठरतं.